तागायाच्या फ्लॅशचं दुखणं

आमच्या ओकिहामात बंदराकडून देवळाकडे चढत जाणारा एक रस्ता आहे. त्यावर ओळीने तीन दुकानं. खाली कुवामोतोचं विजेच्या सामानाचं, मध्ये माझं केस कापायचं, आणि वर तागायाचा फोटो स्टुडिओ. आम्ही तिघं एका वर्गातले. शाळा सुटली, केस पिकले, माझ्या खुर्चीत बसणाऱ्या अर्ध्या गावाचे तर गळूनही गेले, पण तिघांची दुकानं जागची हलली नाहीत. मी मधला, म्हणून वरच्याचं खालच्याला आणि खालच्याचं वरच्याला माझ्यामार्फत कळतं, असं माझी बायको म्हणते. तिला नेमकं काय म्हणायचंय, ते मी कधी विचारलेलं नाही.

तागाया शिगेयोशीचे वडीलही फोटोग्राफर होते. इतके बारीक, की कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेले की नुसतं कापडच उभं आहे असं वाटायचं. मुलाच्या बाबतीत तशी शंका कधी कोणाला आली नाही. शाळेत असताना तो सुमोच्या आखाड्यात उतरला होता. पहिल्याच कुस्तीत दोरीबाहेर गेला आणि म्हणाला, माती ओली होती. तागाया तेव्हापासून तसाच आहे. चूक त्याची नसते. माती ओली असते, वारा समुद्राकडून असतो, समोरच्याची मान वाकडी असते.

पण माणूस कामाचा. गावातलं बाळ पहिल्यांदा देवळात नेलं की फोटो तागायाचा, शाळेत घातलं की तागायाचा, लग्नाला तागाया, आणि शेवटी अंत्यविधीला फुलांच्या मध्ये ठेवतात तो फोटोही तागायाचाच. म्हातारी माणसं स्वतःहून स्टुडिओत येऊन तो आधीच काढून ठेवतात आणि वर त्याला सांगतात, जरा तरुण दाखव, घाई नाहीये.

त्याच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो मात्र त्याने कोणाला काढू दिला नाही. दुसऱ्याच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, पळत नवरीशेजारी बसायला गेला आणि चटईच्या कडेला अडखळला. फोटोत नामिए गंभीर चेहऱ्याने बसलेली आहे, आणि तिच्या शेजारी हवेत एक धूसर बाही. नामिएने तो फोटो चौकट करून जिन्याजवळ लावलाय. विचारलं की सांगते, "आमचे हे अगदी हुबेहूब आलेत."

तर त्या वर्षी तागायाचा जुना फ्लॅश कायमचा मिटला आणि त्याने नवा घेतला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर खाचेत बसवायचा, मान वर-खाली आणि आजूबाजूला फिरवता येणारा. पहिल्याच दिवशी तो माझ्या दुकानात घेऊन आला. खुर्चीत माणूस फेस लावून बसलेला, आणि हा मला शिकवतोय.

"हे बघ दोई, हा आता सगळं स्वतः ठरवतो. आधी बारीकशी चमक सोडतो, समोरून किती उजेड परत येतो ते बघतो, आणि मग तेवढीच खरी चमक देतो. डोळ्याला दोन्ही एकच वाटतात."

"आणि मागे हे चाक कसलं?"

"ते त्याचं चुकतंय असं वाटलं तर थोडं जास्त दे, थोडं कमी दे असं सांगायला. मला नाही लागायचं."

चाकाच्या वर एक छोटा पडदा होता आणि त्यावर मुंगीएवढे आकडे. तागायाने ते हात लांब करून पाहिले आणि समजल्यासारखी मान हलवली. जवळचं पाहायचा चष्मा त्याच्याकडे आहे. तो स्टुडिओच्या खणात असतो, कारण गिऱ्हाइकांनी फोटोग्राफरला चष्म्यात पाहिलं तर काय म्हणतील, असं त्याला वाटतं. गिऱ्हाइकांना तो खण माहीत आहे.

पहिला घोटाळा झाला तो ज्येष्ठ मंडळाच्या वसंतातल्या जेवणाला. बंदरावरच्या खानावळीच्या मोठ्या खोलीत मंडळी बसली होती, खेकडे आले होते. तागायाने फोटो काढले. चार दिवसांनी ते पाहायला मिळाले, तर काही फोटोंत म्हातारी माणसं कोळशाच्या कोठारात जेवत होती आणि काहींत तोफूसारखे पांढरेफटक चेहरे तोफू खात होते. मधले काही फोटो मात्र सुरेख.

"दमट हवा," तागाया म्हणाला. "समुद्राचा खारा वारा खाचेतल्या तांब्याच्या टिकल्यांवर बसतो. मग फ्लॅशचं कॅमेऱ्याला नीट ऐकू जात नाही."

हे काही खोटं नव्हतं. त्याने खोडरबराने त्या टिकल्या घासून लख्ख केल्या, फ्लॅशच्या पायाचा चाप घट्ट आवळला आणि घरी नामिएला खिडकीसमोर बसवून फोटो काढले. एकासारखा एक. मग तो शाळेच्या निरोप समारंभाला गेला आणि मुख्याध्यापकबाई कोळशाच्या कोठारातून प्रमाणपत्रं वाटताना दिसल्या.

आता दोष सोनेरी पडद्याचा निघाला. आमच्याकडे समारंभात मानाच्या मंडळींच्या मागे सोनेरी घडीचा पडदा उभा करतात. तागाया म्हणाला, पडद्यावरून इतका उजेड परत येतो की फ्लॅश बिचारा फसतो, त्याला वाटतं झालं पुरेसं. हेही खोटं नव्हतं, तसं होतं म्हणे. म्हणून पुढच्या समारंभात त्याने पडदा काढायला लावला. खानावळीच्या मालकीणबाईंनी तो आजेसासऱ्यांच्या वेळचा पडदा स्वतः पुसून मांडला होता. त्यांनी तो काढला, आणि त्या दिवशी तागायाच्या ताटात खेकड्याऐवजी मुळा आला. फोटो तरीही बिघडले.

मग पोस्टातून निवृत्त झालेल्या हिराबायाशींच्या टकलावर संशय आला. त्यांना गटाच्या फोटोत टोपी घालायला सांगितलं. हिराबायाशी सभ्य गृहस्थ. टोपी घातली, फोटो काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "दोईसान, टक्कल कमी चमकेल असं काही लावता येतं का हो? माझ्यामुळे गावाचे फोटो बिघडतायत." त्यांची समजूत घालताना मला अर्धी सकाळ लागली.

माझ्या दुकानातही चाचणी झाली. इथे तीन भिंतींना आरसे. तागाया म्हणाला, आरशांसमोर फ्लॅश टिकला तर जगात कुठेही टिकेल. मला खुर्चीत बसवून त्याने पुढून, बाजूने, छताकडे मान वळवून फोटो काढले. आरशात चमक सरळ पकडली गेली ते सोडले तर सगळे चांगले आले. इतके चांगले की माझ्या हनुवटीखाली काय काय लोंबतंय ते मला प्रथमच कळलं.

"म्हणजे फ्लॅश ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"घरी ठणठणीत असतो. बाहेर नेला की बिघडतो."

"तुझ्या धाकट्यासारखं झालं हे."

धाकटा मुलगा ओसाकात असतो आणि घरी आला की गुणी असतो. तागायाला ते काही आवडलं नाही.

त्यानंतर मोरिवाकींच्या मुलीचं लग्न आलं. मोरिवाकी म्हणजे मच्छीमारांच्या सहकारी संघाचे अध्यक्ष. त्यांची चियाकी गावातच दिलेली, त्यामुळे दुपारच्या मेजवानीला सगळं ओकिहामा लोटलं. तागाया नेहमीच्या काळ्या समारंभी कोटात आला होता. कोट त्याच्या स्वतःच्या लग्नातला, बटणं जरा ओढून बसलेली. पाहुणे यायच्या आधी त्याने रिकाम्या बैठकांचे, फुलांचे, नवरीचे दोन-चार फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि मला दाखवले. खरंच चांगले होते. नवरीच्या पांढऱ्या किमोनोवरचं विणकामातलं बगळ्याचं पीसनपीस दिसत होतं.

मग पाहुणे आले. तागायाने कॅमेरा गळ्यात सोडला आणि दाराशी उभा राहून सगळ्यांचं स्वागत केलं. आमदारसाहेब, बँकेचे व्यवस्थापक, नवऱ्याकडचे काका. लग्न दुसऱ्याचं असलं तरी तागायाला ते घरचं वाटतं. मेजवानी सुरू झाली, नवरा-नवरीने पेले उचलले, तागायाने फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. नवरी कोळशाच्या कोठारात होती.

तो भिंतीकडे वळला, फ्लॅश बंद केला, सेल काढले, नवे घातले, चालू केला. पुढचा फोटो लखलखीत. त्याने सुस्कारा सोडला. मग आमदारसाहेब दोन शब्द बोलायला उठले, तागाया त्यांच्यासमोरून वाकून वाट काढत पुढे गेला, फोटो काढला, आणि आमदारसाहेबांना चेहराच नव्हता. कपाळापासून गळ्यापर्यंत नुसता पांढरा भात. पुन्हा सेल बदलले. पुन्हा एक फोटो बरा. पुन्हा अंधार.

आता इतक्या वेळा सेल बदलल्यावर माणसाला काय वाटेल, तेच तागायाला वाटलं. तो पिशवीतले सेल हातात घेऊन उभा राहिला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सेलच भिकार आहेत. नवे घातले की एक फोटो येतो, लगेच मरतात. जुना माल देतो हा कुवामोतो."

कुवामोतो हिरोमु तिसऱ्या रांगेत बसून मासा सोलत होता. त्याने काड्या खाली ठेवल्या. कुवामोतो कमी बोलतो. त्याच्या दुकानात गेलं तर दिवा कुठला हवा ते तुम्हालाच स्वतःशी बोलून ठरवावं लागतं.

"तारीख वाच त्याच्यावरची," तो म्हणाला.

"तारीख काय, छापता येते."

कुवामोतो उठला, नवऱ्या मुलाच्या वडिलांना आणि मोरिवाकींना वाकून नमस्कार केला, जोडे घातले आणि निघून गेला. मासा अर्धाच राहिला. कुवामोतोने अर्धा मासा टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

लग्नाचे फोटो निम्मे गेले. मोरिवाकी मोठे माणूस, रागावले नाहीत, पण संघाच्या कचेरीत तागायाला खुर्ची द्यायला विसरायला लागले. चियाकीने मात्र फोटो पाहून सांगितलं, "काकू, हा काळोखातला मला मोठा करून द्या. यात सासूबाई दिसत नाहीत." नामिएने तो मोठा करून दिला. तागायाला सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या दुकानाचे हाल सुरू झाले. पूर्वी दोघं संध्याकाळी माझ्या बाकावर बसून चहा प्यायचे. आता एक आला की दुसरा बाहेरूनच परत जायचा. केस मात्र दोघांनाही कापावेच लागतात.

"वरचा काय म्हणतो?" कुवामोतो डोळे मिटून विचारायचा.

"काही नाही."

"सेल कुठून आणतो?"

"शहरातून. योनागोहून."

"त्यांनी चांगले येतात का फोटो?"

"नाही."

यावर कुवामोतोच्या मानेचे स्नायू जरा सैल पडायचे. वस्तरा हातात असला की हे कळतं.

आणि तागाया आला की, "खालच्याने काही विचारलं?"

"तूच विचार की त्याला."

"मी का विचारू? मी काय चुकलोय?"

योनागोच्या सेलांनीही फोटो बिघडत होते. हे त्याला दिसत होतं आणि म्हणूनच तो जास्त चिडत होता. समारंभाची कामं कमी झाली. सोनेरी पडदा, खारा वारा, टक्कल, सेल, सगळ्यांवर आरोप करून झाले होते. आता आरोप करायला गावात फारसं कोणी उरलं नव्हतं.

एका सोमवारी, माझं दुकान बंद असतं त्या दिवशी, नामिए मला बोलवायला आली. "दोईसान, जरा येता का? यांची शेवटची चाचणी आहे. यांना पाहुणा हवाय."

नामिए स्टुडिओचा हिशेब बघते, फोटो छापते, आणि नवऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेते. गावात एवढं कोणी करत नाही. मी गेलो तेव्हा तागाया गंजीफ्रॉकवर होता, कॅमेरा तिकाटण्यावर लावलेला. मी पांढऱ्या भिंतीसमोर बसलो. तो फोटो काढत होता, नामिए कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत होती. ती म्हणेल तशी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तिने बजावलं होतं. सेल बदलले, फोटो तसाच. चमक छताकडे वळवली, तसाच. जवळून, लांबून, कॅमेरा उभा धरून, आडवा धरून. मागे पिवळी चादर टांगली तेव्हा थोडा फरक पडला, पण कोळशाचं कोठार काही येईना.

"बघितलंस?" तागाया मला म्हणाला. "घरी कसा साळसूद असतो."

नामिए खाली बसून विचार करत होती. "अहो, तुम्ही मोरिवाकींच्या लग्नाला असे गेला होतात का?"

"असे म्हणजे?"

"गंजीफ्रॉकवर."

"वेडी आहेस का?"

"मग जसे गेला होतात तसे होऊन या."

कुरकुर करत तो आत गेला आणि काळा कोट घालून आला. बटण लावताना त्याने श्वास आत घेतला, तो आम्ही पाहिला नाही असं दाखवलं. नामिएने कॅमेरा तिकाटण्यावरून काढून त्याच्या गळ्यात घातला. त्याने तो उचलला, माझा फोटो काढला. चांगला.

"झालं समाधान?"

"लग्नात तुम्ही नुसते उभे नव्हता. फिरत होतात."

तो कॅमेरा पोटावर सोडून खोलीभर फिरला, एका शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ. पुन्हा फोटो. चांगला.

"आणखी काय करत होतात?" नामिएने विचारलं.

"काय करणार? आमदार आले, बँकवाले आले. नमस्कार करत होतो."

"मग करा."

"कोणाला?"

"मला करा."

आता इथे सांगायला हवं, की तागायाने बायकोला कधी वाकून नमस्कार केलेला मी तरी पाहिला नव्हता. नवं वर्ष असो, नाहीतर लग्नाचा वाढदिवस, तो फार तर "हं" म्हणतो. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

"दोई बसलाय की. त्याला करतो."

"दोईसान काय आमदार आहेत? मला करा. मी नवऱ्याची मावशी, क्योतोहून आलेय."

तिने कंबरेपासून शांतपणे वाकून नमस्कार केला. समोरून नमस्कार आल्यावर तागायाचं शरीर आपोआपच वाकलं, इतक्या वर्षांची सवय. मान, मग छाती, मग कंबर. कॅमेरा कोट आणि पोटाच्या घडीत दबला. तो सरळ झाला. नामिएने पुन्हा नमस्कार केला, क्योतोची मावशी ती, एका नमस्काराने थोडीच थांबणार. तोही पुन्हा वाकला. असं तीन-चार वेळा झालं. मला तर नाटकाला आल्यासारखं घरून पंखा आणून बसावंसं वाटत होतं.

"आता काढा फोटो."

त्याने काढला. पडद्यावर मी कोळशाच्या कोठारात बसलो होतो.

नामिए खणातून चष्मा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. या वेळी त्याने तो घातला. फ्लॅशच्या पाठीमागच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. मग पुन्हा वाकला, सावकाश, आणि या वेळी खाली पाहत. कोटाचं दुसरं बटण चाकाच्या दातांवर टेकलं, आणि पोटाने ते बटण अलगद ढकललं. चाक दोन घरं सरकलं. वर येताना बटणाने ते कधी परत ओढलं, कधी उलट्या बाजूला जास्तच नेलं. जितके मानाचे पाहुणे, तितके खोल नमस्कार, आणि तितका फोटोचा सत्यानाश.

"पण सेल बदलले की चांगला यायचा," मी म्हटलं.

तागायाने फ्लॅश बंद केला, पुन्हा चालू केला. आकडा शून्यावर आला होता. "सेल काढायला बंद करायचो," तो हळू आवाजात म्हणाला. "बंद केला की चाकाचं सांगणं विसरतो हा. म्हणून घरीही..."

चाकाला कुलूप लावायची एक कळ तिथेच बाजूला होती. नामिएने ती दाबली, त्याला आणखी तीन नमस्कार करायला लावले आणि चौथाही करून घेतला. मला वाटतं चौथ्याची गरज नव्हती.

त्यानंतर फोटो सुधारले. तागायाने कोणाला काही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "फ्लॅश दुरुस्त झाला. सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"कुवामोतोला?"

"त्याला कशाला? त्याच्या सेलांचं नाव मी आता काढत नाही ना?"

मी त्याच्या कानामागचे केस कापत होतो. कापत राहिलो. माझ्याकडून हे कुवामोतोला कळेल, अशी त्याला भीती होती आणि थोडी आशाही असावी. पण हे मी सांगायचं नव्हतं. माझ्या बायकोचा यावर अजून विश्वास बसत नाही.

शरदात कुवामोतोच्या आईला अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. ते वय आमच्याकडे मोठ्या मानाचं, पिवळी बंडी आणि पिवळी टोपी घालून सगळं घराणं फोटोला बसतं. कुवामोतोने योनागोचा फोटोग्राफर ठरवला. ही बातमी तागायाला मासळीवालीकडून कळली. म्हातारीचा पन्नाशीचा, साठीचा, सत्तरीचा, सगळे फोटो त्याने काढलेले. तो लहान असताना ती त्याला भाताचे गोळे खायला घालायची, आणि आजच्या पोटात तिचा वाटा आहे असं ती स्वतःच सांगते.

त्या दिवशी दुपारी तो माझ्या दारावरून खाली गेला. थोड्या वेळाने वर गेला. पुन्हा खाली गेला. मी खुर्चीतल्या हिराबायाशींना म्हटलं, "जरा बसा," आणि दारात उभा राहिलो. हिराबायाशीही कापड गळ्यात तसंच ठेवून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

तागाया कुवामोतोच्या दुकानात शिरला, तसे आम्हीही जाऊन त्याच्या दाराशी उभे राहिलो. आत दोन बायका भात शिजवायचं भांडं बघत होत्या.

"सेल हवेत," तागाया म्हणाला.

"योनागोला मिळतात," कुवामोतो म्हणाला.

मग त्या बायकांसमोर, दाराशी उभ्या आमच्यासमोर, तागायाने सांगितलं. सगळं. कोट, बटण, चाक, नमस्कार. पोटाचं नाव घेताना थांबला, पण घेतलं. "तुझे सेल चांगले होते. चूक माझी होती," असं म्हणून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या तोंडून 'चूक' आणि 'माझी' हे दोन शब्द एकापुढे एक आलेले मी शाळेपासून ऐकले नव्हते.

कुवामोतोने वाकून त्याच्या गळ्याखाली पाहिलं. मग म्हणाला, "कॅमेरा आणलायस?"

"नाही."

"मग हा नमस्कार फुकट गेला."

बायकांपैकी एक हसली. कुवामोतोने फळीवरून सेलांचं पाकीट काढलं, त्यावरची तारीख तागायाच्या नाकासमोर धरली. "वाच."

"चष्मा नाहीये."

"मोठ्याने वाच म्हणतोय का? नुसतं बघ." मग पाकीट पिशवीत घालत म्हणाला, "योनागोच्या माणसाला आता नाही म्हणता येणार. शब्द दिलाय."

"नको म्हणू."

"तू पाहुणा म्हणून ये. आईने विचारलंय, शिगे का येत नाही म्हणून. आणि हिराबायाशींनाही सांग जे मला सांगितलंस ते. ते उन्हाळाभर टोपीत फिरले."

"मी इथेच आहे," मागून हिराबायाशी म्हणाले. त्यांच्या टकलाच्या कडेचे केस अर्धेच कापलेले होते. तागाया वळून त्यांच्यासमोरही वाकला, आणि हिराबायाशी गळ्यातल्या कापडासकट वाकले, केस सगळे कुवामोतोच्या दुकानात सांडले.

मोरिवाकींकडे तो दुसऱ्या दिवशी गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण संघाच्या कचेरीत पुन्हा खुर्ची मिळायला लागली. चियाकीचे फोटो पुन्हा काढायचं ठरलं होतं, पण तोवर तिला दिवस गेले होते आणि किमोनोचा पट्टा पुरेना. तागायाने तिला बंदरावर साध्या कपड्यांत उभं करून नवऱ्यासोबत फोटो काढले. त्या वेळी तो फार समजुतीने वागला म्हणतात. पट्टा न पुरण्याबद्दल त्याला आता बोलायला तोंड नव्हतं.

म्हातारीच्या समारंभाला आम्ही सगळे गेलो. सोनेरी पडदा होता, खेकडे होते, तागायाच्या ताटातही होते. योनागोचा फोटोग्राफर तरुण, चुणचुणीत, त्याने घराण्याला ओळीत बसवलं. तागाया सवयीप्रमाणे उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. म्हातारीने पिवळ्या टोपीखालून हाक मारली, "शिगे, तिकडे कुठे? इकडे बस, माझ्याजवळ."

तो येऊन बसला. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं, की गावाच्या एकाही गटाच्या फोटोत तागाया नाही. सगळे फोटो त्याने काढलेले, मग असणार कसा? त्याला हात कुठे ठेवायचे कळेना. गुडघ्यावर ठेवले, मग मांडीवर, मग कुवामोतोच्या पाठीमागे. जन्मभर लोकांच्या हनुवट्या नीट करणाऱ्या माणसाची हनुवटी शेवटी नामिएने मागून हात घालून खाली केली.

फ्लॅश चमकला. पुन्हा चमकला. फोटो उत्तम आले, एकासारखा एक, म्हातारीच्या टोपीचा धागान् धागा दिसतोय. सगळ्या फोटोंत तागायाचे डोळे मिटलेले आहेत.

"चमक जरा लवकर पडली," तो म्हणाला. मग कुवामोतोकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही. मीच मिटले."